उतारावर गाडी गप झाली

लग्न होऊन आले तवा त्या घरातलं कुणाचं तोंड मला धड दिसत न्हवतं. पदर नाकापतुर वढलेला. मान वर केली की आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, खाकरायच्या. त्यामुळं ते घर म्या आधी कानानंच वळखलं. दिस उगवायच्या आधी आत्याबाई भट्टीत तुराट्या सारायच्या, त्या कडकड मोडायच्या. मंग दुधाची कढई चढायची. दूध पातळ असतं तवर उलथनं नुसतं सरसर फिरतं. आटत आलं की खरवडल्यागत वाजाय लागतं, आन खवा झाला की आवाजच बसतो. मी चुलीपशी भाकरी थापीत बसलेली असले तरी मला कळायचं, आता कढई उतरणार. उतरली की तळाची खरवड एका ताटलीत निघायची. ती कोण खाईल ते आत्याबाई ठरवायच्या. पहिल्या पहिल्यांदा ती माझ्याबी भाकरीवर यायची. गरम भाकरी, वर ती करपट गोड खरवड, आन कडंला शेंगाची चटणी. अजूनबी कुठं दूध लागल्याचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. पोरीबाळी नाक दाबत्यात.

मामा म्हंजी माझे सासरे. गाव त्यांना आबा म्हणायचं. तरण्यापणी ते तेरखेड्याला फटाक्याच्या कामाला व्हते. एक डाव दारू ठासताना उडाली. हातपाय वाचले, तोंड वाचलं, कान गेले. पण ही गोष्ट घरात कुणी तोंडानं बोलायचं न्हाई. मोठ्यानं बोललं की ते म्हणायचे, मी काय भैरा हाय व्हय? हळू बोललं की त्यांना कायच कळायचं न्हाई. मंग लोकं त्यांच्याशी हातानं बोलायची, आन आपन हातानं बोलतोय असं दिसू द्यायची न्हाईत. आत्याबाई ताट पुढं सरकवायच्या, म्हंजी जेवा. टोपलं दारात आणून आदळायच्या, म्हंजी निघा आता. कामापुरतं चालायचं. मला तर त्यांच्याशी बोलायचंच न्हवतं. सुनंनं सासऱ्यापुढं आवाज काढायचा न्हाई अशी रीत. काय सांगायचं झालं तर भिंतीकडं तोंड करून सांगायचं, ऐकणारा ऐकतो. आन हितं ऐकणाऱ्यालाच ऐकू येत न्हवतं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस एका घरात, आन आमचं एक अक्षर बोलणं न्हाई.

फटाक्याचं काम सुटल्यावर त्यांनी लिलावातली एक जुनी पिकप घेतली. पुढं लांब नाक, मागं उघडा हौदा. तिच्यात खव्याच्या टोपल्या घालून येडशीला टेसनावर न्यायच्या. आमचा बी खवा, गावातल्या बाकीच्यांचा बी. टोपल्यावर वल्लं फडकं, फडक्यावर पळसाची पानं. गाडीवर त्यांचा जीव. सकाळी तिच्या नाकावर हात फिरवल्याबगर बसायचे न्हाईत.

त्याच गाडीत बसवून मला अणदूरहून आणली. वऱ्हाडाच्या बाया हौद्यात, मदी मी. तुळजापूर मागं पडलं आन गाडीच्या पुढच्या बाजूला काय तरी वाजाय लागलं. खडखड, खडखड. डब्यात खडं घालून हलवल्यागत. बाया गाणी म्हणत व्हत्या, त्या हळूहळू थांबल्या आन आवाज ऐकाय लागल्या. घरापतुर तो आवाज आमच्या संगं आला. वेशीत उतरलो तर पाण्याला निघालेली एक म्हातारी म्हणली, सून आली बघा खुळखुळा वाजवीत. सगळ्या हसल्या. मी बी पदरात हसले. मला वाटलं मजाच हाय.

मजा न्हवती. गाडी रोज वाजाय लागली. उभी असली तरी वाजायची, चढाला लई वाजायची. गाव मला खुळखुळ्याची सून म्हणाय लागलं. तेवढ्यात म्हस आटली. मंग एक दिस कढई लागली, सगळा घाणा करपला. आत्याबाई काय शिव्या देणाऱ्या बाई न्हवत्या. मारलं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई. नुसतं माझ्या पायाकडं बघायच्या. मी उंबरा वलांडला की नजर पायावर. ताटलीतली खरवड माझ्याकडं यायची बंद झाली. शेजारणीला सांगताना म्या ऐकलं, पोरगी गुणाची हाय वो, पण पायगुण न्हाई. एक दिस त्यांनी काळ्या फडक्यात बिबा, मीठ, मिरच्या बांधल्या आन मामा जेवत असताना गाडीचं बॉनेट उघडून आत कुठं तरी अडकवलं. त्या दिसापासनं गाडी दोन सुरात वाजाय लागली.

तुम्ही म्हणाल, गाडी वाजती तर मिस्त्रीला दावायची. पण मामाला सांगणार कोण? गाडी वाजती म्हणायचं म्हंजी तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हणायचं. ते कुणाच्या तोंडातनं निघत न्हवतं. आमचे मालक तवा सोलापूरला मिलमदी. सणाला यायचे. म्या एक डाव त्यांना म्हणलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणले, जुनी गाडी हाय, वाजणारच, आबाला कशाला दुखवायचं. आन गेले. आता गाड्या सोताच बोलत्यात. दार उघडं हाय, पट्टा लावला न्हाई, सगळं सांगत्यात. तवाची गाडी बी सांगतच व्हती म्हणा. ज्याला सांगत व्हती त्यालाच ऐकू जात न्हवतं.

पंचमी जवळ आली. नव्या पोरी पंचमीला माहेरी जातेत. त्यांना न्यायला भाऊ न्हाई तर चुलता येतो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतेत. मुराळी आला की घरात गोडधोड व्हतं, मंग पोरगी त्याच्या मागं निघती. माझ्याकडं कुणी आलं न्हवतं. आई मी ल्हान असतानाच गेली, मागनं बाप. माहेर म्हंजी भावाचं घर. लग्नाच्या दिसीच वैनीनं माझी वाकळ उसवून लेकरासाठी दुपटी करायला काढली व्हती, ते मी बघून आलेली. मुराळी येणार न्हाई हे मला ठावंच व्हतं. पण आत्याबाई म्हणल्या, उद्या खव्याच्या गाडीवर चल, येडशीहून तुला यष्टीत बसवून देते. आन त्यांनी माझं गठुडं बांधलं. पंचमीला जाणाऱ्या पोरीला एक लुगडं पुरं व्हतं. त्यांनी माझी सगळी बांधली. लग्नातला शालू बी, आरसा-फणी बी, भावानं दिलेला तांब्या बी. मी बघत बसले. रडले न्हाई. रडून कुणाला दावायचं व्हतं? एवढं कळलं की हितनं चालले, आन तिकडं अंग टाकायला बी जागा न्हाई.

सकाळी मी हौद्यात टोपल्यांच्या मदी बसले, गठुडं मांडीवर. मामा गाडी चालवायला, आत्याबाई त्यांच्या शेजारी. एरवी त्या खव्याच्या गाडीवर येत न्हवत्या. गाडी वाजत निघाली. येडशीच्या अलीकडं रामलिंगाचं रान लागतं, तिथं एक मोठा उतार व्हता. आता तिथं रस्ता एवढा रुंद केलाय की उतार कुठला ते बी कळत न्हाई. तवा झाडी रस्त्यावर यायची, वानरं मदीच बसलेली असायची. उताराच्या तोंडाला गाडी थांबली. आत्याबाई उतरून मागं आल्या.

"उतर," म्हणल्या. "हितनं खालपतुर चालत ये. मला एकडाव बघायचंय."

काय बघायचंय ते मला कळलं. गाडीतनं मला काढून बघायचं व्हतं, आवाज जातो का. मी उतरले. गठुडं गाडीत ऱ्हायलं, मी रस्त्यात. त्या जाऊन पुढं बसल्या, दार लागलं, गाडी हालली. वाजतच हालली. म्या मनात म्हणलं, वाज. आजच्या दिस वाजत जा बाई, थांबू नको. वाजत वाजत ती वळणापतुर गेली. आन वळणावर आवाज थांबला.

एकदम थांबला. गाडी पळताना दिसत व्हती, झाडातनं तिचा हौदा पांढरा पांढरा दिसत व्हता, आन आवाज काय न्हाई. वानरांचा तेवढा चित्कार. मी तिथंच उभी ऱ्हायले. त्या घरात लोकं काय बी म्हणूत, माझ्या आत कुठं तरी व्हतं की हे खरं नसंल, लोखंडाला काय कळतंय माझा पाय. पण आता माझ्या कानानं ऐकलं. मी उतरले आन गाडी गप झाली. म्या माझ्या पायाकडं बघितलं. आत्याबाई बघायच्या तसंच. जोडव्यावर धूळ बसली व्हती. मला त्या वक्ताला जे वाटलं ते आता सांगता येत न्हाई. लोकं आपल्याला वाईट म्हणतेत ते एक असतं. आपल्यालाच पटतं, ते येगळं असतं. मंग मी चालाय लागले, कारण उभं ऱ्हाऊन काय करायचं.

उतार संपतो तिथं गाडी कडंला उभी व्हती. मामा बाहेर उभे, आन आत्याबाई त्यांच्याशी बोलत व्हत्या. बोलत म्हंजी वरडत. एवढ्या दिसात पहिल्यांदा. गाडी वाजती, लग्नापासनं वाजती, ही उतरली तवा गप झाली, आता तरी पटलं का, असं सगळं. मामा नुसते त्यांच्या तोंडाकडं बघत व्हते. "कसला आवाज?" एवढंच म्हणत व्हते. "माझी गाडी वाजत न्हाई." मी जवळ गेले तसे ते माझ्याकडं वळले. सुनंशी सरळ बोलायची त्यांना बी सवय न्हवती. खाली बघून म्हणले, "पोरी, तुला येतो का आवाज?"

म्या पदरातनं व्हय म्हणलं. ते म्हणले, आँ? म्या परत म्हणलं. आँ? आत्याबाई उभ्या, रीत उभी, आन ह्यांना ऐकू जाईना. मंग म्या पदर मागं सारला आन वरडले.

"येतो, मामा. लई येतो."

माझाच आवाज मला परका वाटला. झाडावरची वानरं पळाली. मामानं मान वर केली आन पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. एकडाव तोंड उघडलं तसं मनात घोळत व्हतं ते बी बाहेर आलं. उतारानं चालताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली व्हती. खडखड थांबली ते खरं, पण गाडीची घरघर बी थांबली व्हती. चालती गाडी एवढी गप कशी? ते म्या इचारलं. "मामा, वळणावर इंजिन बंद केलं व्हतं का?"

"व्हय की," ते म्हणले. "उताराला तेल कशाला जाळायचं? रोजच बंद करतो."

मामा आत चढले आन त्यांनी गाडी चालू केली. मी रस्त्यावर उभी, गाडीपासनं लांब. खडखड सुरू झाली. मला ऐकू येत व्हती, आत्याबाईला येत व्हती. तिसरं कुणी न्हवतं. मामानं खिडकीतनं डोकं काढलं आन माझ्याकडं न्हाई, आपल्या बायकुकडं बघून इचारलं, "येतोय?"

त्यांनी न्हाई म्हणलं असतं तर ते घर माझं संपलंच व्हतं. नव्या सुनंवर कोण इस्वास ठेवतो? आन मामाला तर ऐकू येतच न्हाई. आत्याबाई लई येळ माझ्या पायाकडं बघत व्हत्या. मंग वर बघून म्हणल्या, "येतोय." त्यांनी मला पुढं लई तरास दिला, मी बी त्यांना दिला असंल. पण त्या दिसी त्या खरं बोलल्या हे मी कधी इसरले न्हाई.

येडशीच्या नाक्यावर मौला म्हणून एक मिस्त्री लिंबाच्या झाडाखाली गाड्या दुरुस्त करायचा. आत्याबाई टोपल्या घेऊन टांग्यानं टेसनावर गेल्या, खवा थांबत न्हाई. मी गठुडं घेऊन झाडाखाली बसले. मौलानं बॉनेट उघडलं आन आधी ते काळं फडकं काढलं. एका टोकाला धरून लोंबकळत दावलं. "आबा, ये किनं बांधलं? तुमचा देवच खुळखुळतोय आत." मामाला काय कळलं न्हाई. मी खाली बघितलं. फडकं काढल्यावर एक सूर गेला, दुसरा ऱ्हायला. मौला म्हणला, आता खरं दुखणं ऱ्हायलं.

त्यानं काय केलं ते म्या नीट बघितलं, कारण ते मला वळखीचं व्हतं. इंजिनपुढं एक पंखा असतो, त्याला फिरवायला पट्टा असतो. त्यानं तो पट्टा काढला आन गाडी जराशी चालू केली. खडखड गेली. पट्टा चढवला, आली. एक वस्तू काढायची आन आवाज जातो का बघायचा. आत्याबाईनं मला काढून बघितलं, तसंच. फरक एवढाच की मौलानं बाकीचं इंजिन चालू ठेवून बघितलं. मंग गाडी बंद करून त्यानं पंख्याचं पातं धरून हालवलं. पंखा म्हातारीच्या दातागत हालला. पंख्यामागं पाण्याचा पंप असतो, त्याच्यातली बेरिंग झिजून गेली व्हती. अजून थोडी चालली असती तर पंखा जाऊन समोरच्या जाळीत घुसला असता, असं तो म्हणला. गाडी कुठं चढावर बंद पडली असती, न्हाई तर आणखी वाईट झालं असतं.

मामाला पटंना. हालतो तर हालू दे, आवाज कुठाय? मौलानं एक लांब पेचकस आणला, गाडी चालू केली, पंखा सांभाळून टोक पंपावर टेकवलं आन मूठ आपल्या कानाला लावून दावली. मामानं बी कानाला लावली. न्हाई. दुसऱ्या कानाला लावली. न्हाई. तवा मौला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, दात दावून खूण करीत म्हणला, "आबा, दातात धरा."

मामानं मूठ दातात धरली. तसेच वाकून उभे ऱ्हायले. डोळे मिटले. मला वाटलं हे बी वाया गेलं. पण त्यांच्या चेहऱ्याला काय तरी व्हायला लागलं. हनुवटी हालाय लागली. ते सोडीनात. मौला म्हणला, बस आबा, तरी सोडीनात. किती वरसांनी त्यांनी काय तरी ऐकलं असंल, कुणाला ठावं. आन ऐकलं ते काय, तर आपल्याच गाडीचं दुखणं.

मौला दुसऱ्या एका मोडक्या गाडीचा पंप खोलाय बसला, त्यातली बेरिंग आपल्याला चालती का बघाय. मामा माझ्या पलीकडं झाडाच्या मुळीवर येऊन बसले. पान खायचं म्हणून पिशवी काढली, तशीच ठेवली. मंग म्हणले, "किती दिस झालं वाजतीया?"

"लग्नापासनं," मी वरडले.

"सगळ्यांस्नी येत व्हतं ऐकू?"

म्या मान हालवली. ते हातानं मातीत रेघोट्या वढत व्हते. गठुड्याकडं बघितलं त्यांनी, त्याच्या आकाराकडं. कळलं त्यांना. त्यांना सगळंच कळायचं, ऐकू येत न्हवतं एवढंच.

"माझ्या कानाचं तुझ्या पायावर आलं व्हय," ते म्हणले.

त्यानंतर बी ते तसलं कधी बोलले न्हाईत. पण त्या दिसापासनं कुणी त्यांच्याशी वरडून बोललं तर चिडायचे न्हाईत. ऐकू येत न्हाई, मोठ्यानं बोल, असं आपल्या तोंडानं म्हणायचे. आन मी तर वरडूनच बोलायची. गावातल्या बाया म्हणायच्या, काय सून हाय, सासऱ्याला आरडती. मामा हसायचे.

बेरिंग बसली, पट्टा चढला. गाडी चालू झाली ती नुसती घरघर. मामानं परत पेचकस दातात धरून बघितला, मंगच मौलाला सोडला. तवर आत्याबाई रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या. तुळजापूरच्या यष्टीचा टाइम झालाय म्हणल्या, पण माझ्याकडं न बघता म्हणल्या. मामा गाडीत चढत व्हते. ते तसंच पाय वर ठेवून थांबले.

"मुराळी आल्याबगर सून धाडायची आपल्यात रीत न्हाई," म्हणले. "भाऊ येऊ दे, मंग जाईल."

भाऊ त्या पंचमीला आला न्हाई. पुढच्या बी आला न्हाई. मी कधी कुणाला त्याचं काय म्हणलं न्हाई. मुराळी आला न्हाई तेच बरं, असं मला तवा वाटलं ते खरं सांगते.

परत येताना तो उतार चढ झाला. गाडी जोर लावून चढत व्हती आन इंजिन नुसतं घुमत व्हतं. मी हौद्यात, रिकाम्या टोपल्यात खव्याचा वास ऱ्हायलेला. आत्याबाई पुढं बसलेल्या. त्या काचंतनं एकडाव मागं वळून बघतेत असं मला वाटलं, पण ते टोपल्या नीट हायत का म्हणून बी असंल.

घरी पोचलो तवा दिस कलला व्हता. मी गठुडं दारातच धरून उभी. आत नेऊ का नको, कळंना. कुणी सांगितलं बी न्हाई. आत्याबाई हातपाय धुऊन आल्या, चूल पेटवली, पिठाचा डबा उघडून बघितला आन तळाला हात खरवडत म्हणल्या, "पीठ संपलंय. उद्याच्याला ज्वारी निसून ठेव. खडं हायत लई."

उद्याच्याला, असं म्हणल्या. म्या परत इचारलं न्हाई. सूप घेतलं, उंबऱ्याच्या आत बसले आन उजेड व्हता तवर निसत ऱ्हायले.